दाब स्थिर असता

राऊतबाई वर्गात आल्या की कुणाकडे न बघता आधी फळ्याशी जायच्या आणि उजव्या कोपऱ्यात दोन आकडे लिहायच्या. पहिला त्या दिवसाच्या तापमानाचा, दुसरा हवेच्या दाबाचा. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तापमापी आणि एक जुना वायुदाबमापी टांगलेला होता, त्यांच्यावरून त्या रोज सकाळी स्वतः वाचन घ्यायच्या. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, हे परीक्षेला येतं का?" बाई वळल्या. "येत नाही," म्हणाल्या, "पण परीक्षेच्या खोलीतसुद्धा ते असतंच." आणि शिकवायला लागल्या.

वसईतल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकले, तिथे त्या रसायनशास्त्र शिकवत. पूर्ण नाव कुमुद राऊत. नंदाखालला त्यांच्या भावाची केळीची वाडी होती, तिथेच भावाच्या घरी राहायच्या. लग्न केलं नव्हतं. सकाळच्या बसने यायच्या. उंच, काटक बांधा. सुती साडी घोट्याच्या जरा वरच नेसलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला, कारण बर्नरपाशी लोंबतं काही नको. आवाज मुळात लहान होता. रागावल्या की तो आणखी लहान होई, आणि मग वर्गातल्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागे. त्यांची एक सवय आम्हा सगळ्यांनाच जड जायची. प्रश्न विचारला की त्या थांबायच्या. दुसरे शिक्षक दोन क्षण थांबून स्वतःच उत्तर सांगून टाकतात. बाई तसं करत नसत. हातात हात गुंफून, आपल्याकडे बघत, अगदी शांतपणे थांबायच्या. उत्तर येत नसलं तर निदान "येत नाही" एवढं तरी म्हणावंच लागायचं.

वायूंचे नियम त्यांनी शिकवले ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तापवली की हवा फुगते, गार केली की आकसते, एवढं आम्हाला शाळेपासून पाठ होतं. बाईंनी काचेच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर एक लाल फुगा चढवला आणि बाटली गरम पाण्यात धरली. लोळत पडलेला फुगा हळूहळू उठला आणि ताठ उभा राहिला. मग त्यांनी बाटली बर्फात ठेवली. हा बर्फ प्रयोगशाळेचे परिचर काशिनाथमामा आणायचे. मामा अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातले. बंदरावर होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या येत, त्यातला एक तुकडा गोणपाटात गुंडाळून ते बसने घेऊन यायचे, त्यामुळे त्या दिवशी प्रयोगशाळेभर बोंबलांचा वास सुटायचा. कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, "बर्फाला वास नाय पोरांनो, गोनपाटाला हाय. नाक ठेवा बाजूला नि बाईंकडं बगा." आम्ही बघत राहिलो. फुगा मलूल झाला, आडवा पडला आणि बघता बघता बाटलीच्या तोंडातून आत ओढला गेला.

"हवा कुणी बाहेर काढली का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"आधी फुगा उठला तेव्हा कुणी आत भरली होती?"

"नाही."

"म्हणजे हवा तेवढीच. ती जागा कमी-जास्त घेतेय. आता किती कमी आणि किती जास्त, ते मोजायचं."

फळ्यावर त्यांनी आलेख काढला. तापमान वाढत जाईल तसं आकारमान वाढत जातं, आणि ते असं शिस्तीत वाढतं की सगळे बिंदू एका सरळ रेघेत येतात. दर अंशाला, शून्य अंशावर जेवढं आकारमान होतं त्याच्या दोनशे त्र्याहत्तराव्या भागाइतकी वाढ. रेघ उलटी, खाली खाली नेत गेलं तर उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांना वायूचं आकारमान शून्य व्हायला हवं. पण तिकडे नेताना बाईंनी रेघ तुटक काढली. "आपण मोजलं इथपर्यंत," त्या खडू टेकवून म्हणाल्या. "म्हणून इथपर्यंत रेघ सलग. पुढचा अंदाज आहे. तिथे पोचायच्या आधीच वायूचा द्रव होतो, तो वायू राहतच नाही. अंदाज वाईट नसतो. तो सलग रेघेने काढणं वाईट."

मग त्यांनी पहिल्या बाकावरच्या एकाला नियम सांगायला उठवलं. त्याने घडाघडा म्हटलं, "वायूचं आकारमान त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असतं."

"चूक."

"बाई, पुस्तकात असंच आहे."

"पुस्तकात त्याच्या आधी तीन शब्द आहेत. ते कुठे गेले?"

ते तीन शब्द होते 'दाब स्थिर असता'. बाईंनी ते आम्हा सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतले, आणि म्हणाल्या, "हे तीन शब्द गाळलेत तर उरलेलं वाक्य अर्धवट राहतं असं समजू नका. ते खोटं होतं. हवेला पसरायला वाट असली तर ती पसरेल. वाटच बंद केलीत तर पसरणार कुठे? मग दाब वाढेल, आणि तुमची काच फुटेल किंवा बूच उडेल. अट आधी वाचा, नियम नंतर."

हे त्यांचं पालुपद होतं. बसचं वेळापत्रक असो, सुट्टीचा अर्ज असो, "अट आधी वाचा." एकदा एका मुलाने प्रयोगवहीत इतकी सुरेख वाचनं लिहिली की सगळे बिंदू रेघेवर जसे ओवलेले. बाई वही बराच वेळ बघत राहिल्या. "इतकं नीट वाचन मला आयुष्यात कधी आलं नाही रे," म्हणाल्या. "कुणाच्या वहीतून आलं?" तो हसला, आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्याला दुपारी थांबवून त्यांनी पूर्ण प्रयोग पुन्हा करायला लावला आणि स्वतः त्याच्याबरोबर उभ्या राहिल्या.

थंडीच्या दिवसांत या नियमाचं प्रात्यक्षिक लागलं. सहा टेबलं, दर टेबलाला दोघं. माझी जोडीदारीण स्टेला. ती पापडीची, चर्चच्या मागच्या वाडीत तिचं घर. कमी बोलणारी, कामात नीटस. प्रयोग सोपा होता. काचेच्या चंबूला बूच लावायचं, बुचातून काचेची एक नळी वर आलेली, तिला रबरी नळी जोडलेली आणि त्या रबरी नळीवर एक चिमटा. चिमटा उघडा ठेवून चंबू उकळत्या पाण्यात धरायचा. हवा तापून पसरते, जास्तीची नळीतून निघून जाते, आतला दाब बाहेरच्याइतकाच राहतो. मग चिमटा बंद करायचा, चंबू गार पाण्यात उलटा बुडवायचा आणि पाण्याखालीच चिमटा उघडायचा. आतली हवा आकसते, तेवढं पाणी आत शिरतं, मग चिमटा पुन्हा बंद करून चंबू बाहेर काढायचा. ते पाणी मोजलं की हवा किती आकसली ते कळतं.

बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "दर वेळी चंबू फडक्याने कोरडा करा. आत पाण्याचा थेंब राहिला तर त्याची वाफ होईल. आणि चिमटा उघडा आहे हे डोळ्यांनी बघा, बोटांनी चाचपा. मी येऊन बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा तापवायला ठेवायचं नाही." आम्ही दोघींनी कामं वाटून घेतली. चंबू माझा, चिमटा स्टेलाचा.

आमचं पहिलं वाचन चांगलं आलं. दुसरं घ्यायचं होतं. गार पाण्यातला बर्फ वितळला म्हणून स्टेला तो आणायला मामांकडे गेली. बाई पाचव्या टेबलावर एका मुलीला पाण्याची पातळी कशी वाचायची ते समजावत होत्या. आमचं टेबल सहावं. बाकीच्यांची दुसरी वाचनं सुरू झालेली मला दिसत होती आणि मला मागे राहायचं नव्हतं. मी बूच काढलं, चंबूतलं पाणी ओतून टाकलं, दोनदा झटकला. फडकं पलीकडच्या टेबलावर होतं. तेवढ्यासाठी कोण जातं! ओलं बूच निसटत होतं म्हणून ते जोर लावून आत दाबलं आणि चंबू उकळत्या पाण्यात सोडला. चिमटा पहिल्या वाचनानंतर बंदच होता. मला तो दिसला. उघडू, आधी पाणी पुन्हा उकळू दे, असं माझ्या मनात आलं. मग मी वहीत तक्ता आखायला बसले.

स्टेला बर्फ घेऊन आली. भांड्यातलं पाणी किती तापलं ते बघायला तापमापीवर वाकली. फट्‌ असा आवाज झाला, फार मोठाही नाही. बूच नळीसकट उडालं. स्टेलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती खाली बसली.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मामांनी तिला उचललं. बाईंनी तिचे हात धरून ठेवले, डोळ्याला लावू दिले नाहीत, आणि कानाशी बोलत राहिल्या, "स्टेला, मी इथे आहे. हात खाली. हात खाली ठेव." दोघं तिला रिक्षाने इस्पितळात घेऊन गेले. डावा डोळा वाचला नाही.

चौथ्या दिवशी प्राचार्यांनी मला कार्यालयात बोलावलं. संस्थेचे एक पदाधिकारी होते, बाई होत्या आणि दाराशी काशिनाथमामा उभे होते. मामांची नोकरी तेव्हा हंगामी होती. पदाधिकाऱ्यांनी सरळ त्यांच्याकडेच बोट केलं. "चंबू कोरडे करून देणं परिचराचं काम. ओला चंबू दिला कुणी?"

मामा म्हणाले, "साहेब, पयल्या खेपेला मी सगले कोरडेच दिले व्हते. दुसऱ्या खेपेचं मना म्हायती नाय."

"म्हणजे विद्यार्थिनींची चूक म्हणता?"

मामांना आमच्यावर ढकलायचं नव्हतं. प्राचार्य माझ्याकडे वळले. "वैशाली, चिमटा कुणाकडे होता?"

मी सतरा वर्षांची होते. गेल्या तीन रात्री मला झोप नव्हती. पण जे मी बोलले ते घाबरून तोंडातून निसटलं असं मला म्हणता येणार नाही. मी शब्द निवडले होते. मी म्हणाले, "चिमट्याचं काम स्टेलाकडे होतं."

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यांचा तो लहान आवाज आला. "मामांचा यात संबंध नाही. मुलींचाही प्रश्न नाही. दुसऱ्यांदा तापवण्याआधी प्रत्येक टेबल तपासायचं हे माझं काम. पाच टेबलं मी तपासली. सहावं मी पोचायच्या आधीच तापायला लागलं, ते मी होऊ दिलं. एवढंच घडलं आहे."

"बाई, विचार करून बोला," पदाधिकारी म्हणाले. "हे उद्या लेखी द्यावं लागेल."

"आत्ताच देते. तोंडी बोललेलं हवेत जातं."

तिथेच कागद मागून त्यांनी ते लिहिलं आणि खाली सही केली. पुढच्या जूनमध्ये त्यांना कनिष्ठ महाविद्यालयातून काढून संस्थेच्याच शाळेकडे, पाचवीच्या वर्गावर पाठवलं. रसायनशास्त्र शिकवणं त्यांचं तिथे संपलं. निवृत्त होईपर्यंत त्या पाचवीच्या मुलांना सामान्य विज्ञान शिकवत राहिल्या, आणि तक्रारीचा एक शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. मामांची नोकरी टिकली, पुढे कायमही झाली. "बाई नसत्या त मी कवाच घरी बसलो असतो," ते म्हणायचे. "मना कोन इचारनार व्हता?"

अपघातानंतर पहिल्याच रविवारी बाई पापडीला स्टेलाच्या घरी गेल्या. तिचं वर्ष बुडू नये म्हणून अभ्यास घेते म्हणाल्या. स्टेलाच्या आईने दार अर्धंच उघडलं. "बाई, एक डोळा राहिलाय तो राहू द्या. पुन्हा येऊ नका." बाई "बरं" म्हणाल्या आणि परत गेल्या. दुसऱ्या रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटायच्या वेळेला, त्या पुन्हा दारात. आईने पुन्हा तेच सांगितलं, बाई पुन्हा "बरं" म्हणून वळल्या. तिसऱ्या रविवारी आतून स्टेलाच म्हणाली, "मम्मी, बाईंना आत घे." त्यानंतर बारावीची परीक्षा होईपर्यंत बाईंचा एक रविवार चुकला नाही. हे सगळं पुढे मामांकडून माझ्या कानावर आलं. मी स्टेलाला भेटायला एकदाच गेले होते, ती झोपली आहे असं कळल्यावर सुटल्यासारखी परत आले होते. स्टेला पुढे वकील झाली. आज ती वसईच्या कोर्टात वकिली करते.

मी विज्ञान सोडलं. घरी सांगितलं, झेपत नाही. वाणिज्य शाखेला गेले, विमा कंपनीच्या कार्यालयात लागले, लग्न झालं, मुलगी झाली. वसई एवढीशी. बाजारात, बस थांब्यावर बाई वर्षातून दोनदा-तीनदा तरी दिसायच्याच. मी वळून दुसऱ्या बाजूला जायची वेळ येण्याआधीच त्या हाक मारत. "वैशाली, कशी आहेस?" मी घरचं, नोकरीचं भराभर सांगून टाकी. ते संपलं की बाई हातात हात गुंफून तशाच थांबत. मी म्हणे, "येते बाई, बस आली." बस आलेली नसे.

मागच्या वर्षी काशिनाथमामा आमच्या कार्यालयात आले. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला होता, केस पांढरे झालेले. खुर्चीत बसलेही नाहीत. "बाईंचं आता काय खरं नाय," म्हणाले. "पोटाचा आजार हाय, डाक्तरांनी घरी पाठवलंय. येकडाव बगून ये पोरी."

मी सकाळीच नंदाखालला गेले. बाईंच्या भावजयीने मागच्या पडवीत नेलं. तिथे खाट टाकली होती, समोर केळी. बाई इतक्या वाळल्या होत्या की मला आधी ओळख पटेना. डोळे मात्र तेच होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, मुलीची चौकशी केली आणि मग थांबल्या.

या वेळी बसचं निमित्त नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "तो चिमटा मी उघडला नव्हता. चंबू मी ठेवला होता. पुसलाही नव्हता."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. इस्पितळातून मी परत प्रयोगशाळेत गेले. रबरी नळी जमिनीवर पडली होती, चिमटा तिच्यावर तसाच बंद. फडकं पलीकडच्या टेबलावर घडी करून ठेवलेलं. बर्फ स्टेलाने आणला, हे मामांनी सांगितलं. म्हणजे चंबू तू ठेवलास. त्यात काय अवघड होतं?"

"मग तुम्ही कार्यालयात बोलला का नाहीत?"

बाईंना दम लागला होता. भावजयीने त्यांना चमच्याने पाणी पाजलं. मग त्या म्हणाल्या, "मी बोलले ते खरंच होतं. तपासायचं माझंच होतं. ते माझं, म्हणून मी सांगितलं. तुझं होतं ते तू सांगायचं. तुझ्या वतीने मी कशी सांगणार?"

"तुमचं सगळं गेलं बाई, माझ्यामुळे."

"पाचवीची पोरं चांगली असतात," त्या म्हणाल्या. थोडं हसल्यासारखं केलं. "माझं एक मात्र चुकलं. तुला तिथेच, त्या खोलीत, बोलायला लावायला हवं होतं. एक वर्ष रडली असतीस आणि मोकळी झाली असतीस. मला वाटलं, लहान आहे, आपणहून येईल. मी वाट बघत राहिले. वाट बघण्याची मला फार सवय."

मी रडायला लागले. त्यांच्या पायांवर हात ठेवून म्हटलं, "बाई, मला क्षमा करा."

त्यांनी पाय जरा मागे घेतले. रागाने नाही, पण घेतले. "माझ्याकडे कसली मागतेस?" म्हणाल्या. "डोळा माझा गेला का?"

बाहेर केळीत कुणीतरी पाणी सोडत होतं, त्याचा आवाज येत होता. निघताना त्या म्हणाल्या, "मी असेपर्यंत सांग किंवा मी गेल्यावर सांग, ते तू ठरव. पण तिला सांग."

घरी येऊन मी रोज ठरवत होते. आज जाऊ, उद्या जाऊ. आठव्या दिवशी बाई गेल्या.

नंदाखालच्या स्मशानात पुष्कळ माणसं जमली होती. पाचवीत त्यांच्या हाताखाली शिकलेली, आता मोठमोठी झालेली कितीतरी. काशिनाथमामा डोक्याला रुमाल बांधून लाकडं रचायला पुढे झाले होते. स्टेला कोर्टातून तशीच आली होती, पांढऱ्या साडीवर काळा कोट. तिचा डावा डोळा काचेचा आहे. डावीकडचं बघायचं झालं तर तिला पूर्ण मान वळवावी लागते. तिने मान वळवली, मला बघितलं, जवळ येऊन माझा हात धरला. "बाई गेल्या गं वैशू," म्हणाली. तिच्या हातात माझा हात होता आणि मी तेव्हाही काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी पापडीला गेले. स्टेला चर्चमधून येऊन ओटीवर कागदपत्रं घेऊन बसली होती. तिने कागद बाजूला ठेवले. मी उभ्याउभ्याच सांगितलं. फडक्याचं, बुचाचं, दिसत असूनही न उघडलेल्या चिमट्याचं. आणि कार्यालयात मी काय बोलले तेही.

"चिमटा माझ्याकडे होता," ती म्हणाली.

"पण तू तिथे नव्हतीस. तू आलीस तेव्हा चंबू पाण्यात होता."

"मी बर्फ आणायला जायच्या आधी उघडून जायला हवा होता, असं मला वाटत आलंय," स्टेला म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "गेली सतरा वर्षं. पप्पांना प्राचार्यांनी सांगितलं होतं की चिमटा तुमच्या मुलीकडे होता. पप्पा तरीही केस करायला निघाले होते. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, चूक माझी आहे, केस कुणावर करता?"

मी ओटीच्या कडेला बसले. मी गप्प बसले त्याची किंमत बाईंनी मोजली, एवढंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"बाई तुला काहीच बोलल्या नाहीत?" मी विचारलं.

"बोलायच्या ना. दर रविवारी. निघताना चपला घालता घालता म्हणायच्या, स्टेला, यात तुझा हात नव्हता. मला वाटायचं, धीर द्यायला म्हणतात."

"स्टेला, बाईंनी धीर द्यायला कधी कुणाला खोटं सांगितलं?"

तिने मान वळवून वाडीकडे बघितलं. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "बाईंनी नाही."

आतून तिच्या आईने विचारलं, कोण आलंय म्हणून. मी जायला उठले. मला वाटलं, आता हिला माझं तोंडही बघायला नको असेल.

"बस," स्टेला म्हणाली. "पहिल्यापासून सांग. हळूहळू सांग."

मी पुन्हा बसले आणि ती बर्फ आणायला निघाली तिथपासून सांगायला लागले.